वही क्रमांक १ मधला चापडा : प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२५

८ जून २०२५

यंदा पावसानं मृगाची वाट पाहिली नाही. मे संपायच्या आतच तो येऊन बसला, त्यामुळे आपली तयारी मागे पडली आहे. या हंगामात दोन कामं एकदम चालवायची आहेत. एक नेहमीचं: घाटातल्या त्याच नऊ किलोमीटरच्या तुकड्यावर रात्रीच्या फेऱ्या. गाडी हळू, खिडक्या उघड्या, नजर डांबरावर. दिसेल तो प्रत्येक साप, जिवंत असो वा मेलेला, तक्त्यात. रोड क्रूझिंग म्हणतात ते हेच. दुसरं काम कितीतरी वर्षं पुढे ढकलत आलो: २००८ पासूनच्या चौदा वह्या एका तक्त्यात उतरवायच्या.

रस्त्याचं नाव लिहीत नाही. चापडा (इथे म्हणजे मलबारी चापडा, एक विषारी साप) कुठल्या किलोमीटरच्या दगडापाशी बसतो हे एकदा बाहेर गेलं की आठ दिवसांत तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते. 'मोकळा' फोटो मिळावा म्हणून आजूबाजूच्या फांद्या मोडल्या जातात, कधी सापच उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवला जातो. दक्षिण सह्याद्री एवढं पुरे.

११ जून

फेरी पहिली. सुरुवात ७:३५, शेवट ९:५०. तापमान २२.४, मुसळधार. साप शून्य. खेकडे मोजायचं सोडून दिलं. बेडूक भरपूर, म्हणजे ताट वाढलेलं आहे, जेवणारे यायचेत. पहिल्या फेरीतलं शून्य मला कधीच वाईट वाटत नाही. त्या रात्री डोळे रस्त्याला सरावतात.

१५ जून

वही क्रमांक १ उघडली. कव्हरवर बुरशीचे डाग, पानं एकमेकांना चिकटलेली. पहिली पाच पानं पट्टीनं हळूहळू सोडवावी लागली. निळी शाई पसरली आहे, पेन्सिल मात्र जशीच्या तशी. यापुढे सगळ्या वह्या पेन्सिलीनंच भरायच्या, हा निर्णय आजच घेतला.

पहिली अडचण नावांची. २००८ मध्ये मी शास्त्रीय नावं हौसेनं लिहायचो, आणि त्यातली अर्धी आता बदललेली आहेत. हिरव्या गवत्याला तेव्हा मॅक्रोपिस्थोडॉन लिहायचो, आता तो ऱ्हॅब्डोफिसमध्ये गेला. मलबारी चापडा तेव्हा ट्रायमेरेसुरस मलबारिकस होता, आता क्रॅस्पेडोसेफॅलस मलबारिकस. जर्डननं १८५४ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा तर तो तिसऱ्याच प्रजातीगटात होता. गंमत अशी की वहीत जिथे जिथे दादांनी (तेव्हा माझ्याबरोबर फेरीला असायचे ते) लिहिलं आहे तिथे नुसतं 'चापडा', 'गवत्या', 'खापरखवल्या', 'मांजऱ्या' असं आहे, आणि ती एकही नोंद बदलावी लागली नाही.

तक्त्यात मूळ नाव एका रकान्यात आणि आजचं नाव शेजारच्या रकान्यात ठेवायचं ठरवलं. जुनं खोडायचं नाही.

२१ जून

फेरी दुसरी. आजपासून एक नवी मुलगी सोबत आली आहे, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाव्या बाजूची खिडकी तिला दिली.

निघण्याआधी अर्धा तास नियम सांगितले. वळणावर गाडी थांबवायची नाही, कितीही मोठा साप असला तरी. उतरण्याआधी मागे पाहायचं. चमकणारं जाकीट घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि सापाला हात लावायचा नाही, बिनविषारी वाटला तरी नाही. आपल्याकडे परवानगी पाहण्याची आहे, पकडण्याची नाही, आणि आपल्याला हव्या त्या सगळ्या गोष्टी नुसत्या पाहून मिळतात. चापड्याबद्दल वेगळं सांगितलं: आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली असते. चापडा त्या चौघांत नाही. त्याचा दंश सहसा जीवघेणा ठरत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते, आणि त्याच्यासाठी खास असं औषध देशात नाही.

मग डोळ्यांचा धडा. रस्त्यावर पडलेल्या शंभर लांबट वस्तूंपैकी साप एखादाच असतो. बाकी वेली, सुतळी, टायरच्या रबराच्या पट्ट्या, डांबरातल्या भेगा. फरक ओळखायचा तो कडेवरून. काडीची कड हेडलाइटमध्ये तुटक दिसते. साप जिवंत असला की त्याच्या अंगाखाली सावलीची एक अखंड रेघ असते आणि ओल्या खवल्यांवर उजेड सारखा सरकतो. मेलेला साप सावली टाकत नाही, तो डांबराला चिकटलेला असतो.

आजचे आकडे: खापरखवल्या एक, मेलेला. गवत्या एक, जिवंत, उजवीकडे गेला. देवगांडूळ एक, जिवंत. तिला आधी साप वाटला. मग टॉर्च जवळ नेल्यावर अंगावरची वळी आणि डोळ्यांच्या जागी असलेले दोन पुसट ठिपके दिसले. 'हा उभयचर आहे, बेडकांचा नातेवाईक' म्हटल्यावर ती रस्त्यावर उकिडवी बसून राहिली. घाईनं उठवलं, मागून ट्रक येत होता.

खापरखवल्याबद्दल दोन ओळी. हा साप वर्षातला बहुतेक काळ मातीखाली घालवतो, शेपटीचं टोक तिरपं कापल्यासारखं आणि खडबडीत. जमीन पाण्यानं भरली की वर येतो, आणि वर येतो तो नेमका डांबरावर. वहीत सर्वांत जास्त मेलेले साप याच जातीचे आहेत. त्याच्यासाठी कुणी कॅमेरा घेऊन येत नाही.

२ जुलै

फेरी चौथी. गवत्या दोन (एक मेलेला), कवड्या एक, मांजऱ्याचं पिल्लू एक. वाहनं ४१. वाहनं मोजायचं काम नव्या मुलीनं आपणहून घेतलं.

६ जुलै

वहीत १९ जुलै २००८ या पानाशी आलो. माझा पहिला चापडा त्या रात्रीचा. पान अजून उघडलेलं नाही, मुद्दाम. ही गोष्ट सतरा वर्षांत मी इतक्या जणांना सांगितली आहे की ती आठवते आहे की नुसती पाठ झाली आहे हे मलाच कळेनासं झालं. म्हणून आधी आठवतं तसं लिहून काढतो, पान नंतर.

आठवतं ते असं. त्या हंगामातली ती बारावी फेरी. अकरा फेऱ्यांत चापडा नाही. बाकी सगळ्यांना दिसला होता. जंगलातल्या वाटांवर, झऱ्याच्या कपारीत, एकाला तर रस्त्याकडेच्या कठड्याच्या लोखंडी पट्टीवर. मला नाही. दादा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, या घाटात त्यांची उमर गेलेली. ते म्हणायचे, "दिसेल. त्याला कुठे जायचंय?" मला ते पटायचं नाही. प्रत्येक फेरीनंतर मला वाटायचं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी कमी आहे.

अमावस्येसारखी काळी रात्र होती. पाऊस नुकताच थांबलेला, झाडांवरून थेंब पडत होते. गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी. एक वळण संपलं आणि उजेडाच्या कडेला काहीतरी हिरवंगार पडलेलं दिसलं. मी ब्रेक लावला. गाडी त्याच्यापासून पाचेक फुटांवर थांबली. उतरलो. चापडा होता. हिरवा, पानासारखा. मी गुडघे टेकून बसलो, पुरेसं अंतर ठेवून, आणि टॉर्च तिरपी धरली.

ते चित्र आजही डोळ्यासमोर आहे. डोकं त्रिकोणी, मान एकदम बारीक, जणू डोकं दुसऱ्या मोठ्या सापाचं बसवलं असावं. डोळ्याची बाहुली उभी, चिरेसारखी. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध ती खळगी. पुस्तकात चित्र पाहिलं होतं, पण ती एवढी खोल असेल असं वाटलं नव्हतं. आत उजेडच पोचत नव्हता. त्या खळगीनं त्याला माझ्या अंगाची ऊब कळत होती. मी त्याला टॉर्चनं पाहत होतो आणि तो मला टॉर्चशिवाय. पाठीवरच्या खवल्यांच्या कण्यांवर पाण्याचे बारीक थेंब अडकले होते आणि तो श्वास घेई तेव्हा ते सगळे थेंब एकदम हलत. जीभ दोनदा बाहेर आली. बाकी काही नाही. त्यानं तोंड उघडलं नाही, फणकारला नाही.

मग तो हळूहळू रस्ता ओलांडून कारवीत चढला. शेपटीचं टोक दांडीभोवती गुंडाळून बाकीचं अंग वर ओढताना पाहिला. आम्ही बोललो नाही.

एवढं आठवतं. पान उद्या.

७ जुलै

पान उघडलं. जसंच्या तसं उतरवतो.

माझ्या अक्षरात: '१९/७/०८. फेरी १२. सुरू ७:४०. ढगाळ, झिमझिम. वेग ३०.' इथे माझं अक्षर संपतं.

खाली पेन्सिलीनं, दादांच्या तिरक्या अक्षरात (ट्रिप म्हणजे गाडीच्या मीटरवरचे त्या फेरीतले किलोमीटर): '८:५२. ट्रिप ४.६. चापडा १, जिवंत. तपकिरी, पाठीवर पिवळट ठिगळं. सुमारे ५० सेंमी. डावीकडून उजवीकडे. गाडी वरून गेली, चाकांमधून. परत चालत येऊन पाहिला. जीप १, थांबवली. ९:०६ ला कारवीत. तापमान घ्यायचं राहिलं.'

त्याखाली पानाच्या मधोमध, मोठ्या अक्षरात, माझं: 'चापडा!!!'

आज दुसरं काही उतरवलं नाही.

८ जुलै

'गाडी वरून गेली, चाकांमधून.'

हे वाचल्यावर थोडंथोडं परत येतंय. दादा म्हणाले होते, "थांब. ती काडी नव्हती." मी म्हटलं होतं, काडीच होती. तरी थांबलो. तीस-चाळीस पावलं मागे चालत गेलो. म्हणजे मी तो पाहिला होता, आणि काडी म्हणून सोडून दिला होता. चाक एक हात इकडे किंवा तिकडे असतं तर माझा पहिला चापडा मेलेल्यांच्या रकान्यात गेला असता, आणि तो कुणी मारला हेही कळलं नसतं.

ब्रेक लावल्याचं चित्र मी कुठून आणलं माहीत नाही. ते इतकं स्पष्ट आहे की पाय अजून पेडलवर जाणवतो. पुढच्या वर्षांत शेकडो वेळा ब्रेक लावला, त्यातलाच एखादा मी त्या रात्रीला जोडला असणार. जीपचं तर काहीच आठवत नव्हतं. चौदा मिनिटं तो साप रस्त्यावर होता आणि ती सगळी चौदा मिनिटं कुणीतरी रस्ता सांभाळत होतं. मी नाही.

९ जुलै

२००८ ची सीडी सापडली. दोन फाइल उघडल्या नाहीत, तिसरी उघडली. फोटो हललेला, हेडलाइटच्या पिवळ्या उजेडातला. पण रंगात शंका नाही: मातकट तपकिरी, पाठीवर कडा नसलेली पिवळसर ठिगळं. हिरवा अजिबात नाही. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी छटेचा, अशा कितीतरी रंगांत सापडतो. एकाच रस्त्यावर दोन रंगांचे दोन सापडणं नवलाचं नाही. नंतरच्या वर्षांत मला हिरवेच जास्त दिसले, आणि त्यांनी पहिल्याला रंगवून टाकलं.

मग पंचांग पाहिलं. १८ जुलै २००८ ला पौर्णिमा. म्हणजे माझी ती 'अमावस्येसारखी काळी रात्र' पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची होती. ढगांनी चंद्र झाकला असणार, पण चंद्र होता. तक्त्यातला चंद्रकलेचा रकाना तरी आता भरता येईल. पंचांग सतरा वर्षांनीही तेच सांगतं.

नव्या मुलीला फोटो दाखवला. तिनं आधी शेपटी पाहिली, मग विचारलं की शेजारी प्रमाणासाठी काहीच का ठेवलेलं नाही. चांगला प्रश्न. ठेवायला सुचलंच नाही.

१२ जुलै

रंग आणि चंद्र हे माझ्यापुरतं. खरी अडचण वेगाची आहे, ती पूर्ण प्रकल्पाची आहे.

मी आजवर समजत होतो की आम्ही पहिल्या दिवसापासून १५ च्या वेगानं फिरत होतो. वहीत तेराव्या फेरीपासून १५ आहे. पहिल्या बारा फेऱ्या ३० च्या. म्हणजे दादांनी त्या रात्रीनंतर वेग निम्मा केला, मला न बोलता. आणि ज्या अकरा फेऱ्यांत 'चापडा शून्य' लिहिलं आहे, त्या अकरा फेऱ्यांत चापडे नव्हते, की आम्ही त्यांच्यावरून गेलो? ज्या फेरीत सापडला ती फेरीसुद्धा शून्यच ठरली असती, शेजारी दादा नसते तर.

आज वापरात नसलेल्या जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर तपासून पाहिलं. दोरीचे आणि सायकलच्या ट्यूबचे अर्धा-अर्धा मीटरचे वीस तुकडे, काही सरळ, काही वळवलेले. कुठे ठेवले ते मला माहीत नाही, ते नव्या मुलीनं ठेवले. संध्याकाळी पाणी शिंपडून, डिपरवर, आधी ३० नं गेलो. मला नऊ दिसले. मग तिनं जागा बदलल्या आणि १५ नं गेलो. सतरा. एकाच माणसाची एकच चाचणी आहे, त्यावर फार बोलू नये. पण जे नऊ दिसले त्यात वळवलेले जवळजवळ सगळे होते, आणि सरळ पडलेले बहुतेक सुटले. रस्ता ओलांडणारा चापडा बराच वेळ सरळ पडलेला असतो. तो घोणस-फुरशांच्या कुळातला, जाड अंगाचा, संथ. गाडीचा उजेड पडला की पळत नाही, असतो तिथे थिजतो.

तुकडे मोजून परत उचलले. वीसच्या वीस.

रात्री परत क्लाउबर आठवले. लॉरेन्स क्लाउबर, सॅन दिएगोचे, पेशानं विद्युत अभियंते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या वाळवंटात रात्री रस्त्यावरून गाडी चालवत साप शोधण्याची पद्धत ज्यांनी नावारूपाला आणली ते हे. १९३९ मध्ये त्यांनी वाळवंटातल्या रात्रीच्या शोधावर सविस्तर लिहिलं. तोवर दुर्मिळ समजले जाणारे काही साप रात्री रस्त्यावर पाहिलं तर नेहमीचे निघाले. साप तेवढेच होते, पाहणाऱ्यांची वेळ चुकत होती. आमच्या बाबतीत वेग चुकत होता. त्यांचं वाळवंट आणि आपला घाट यांत फार फरक आहे. तिथे दिवसभर तापलेला रस्ता रात्री सापाला ऊब देतो, इथे जुलैत रस्ता तापायला ऊनच नसतं. इथे साप येतो तो बेडकांमागे, किंवा बिळात पाणी शिरलं म्हणून, किंवा फक्त पलीकडे जायचं असतं म्हणून. पण नोंद ठेवायची रीत तीच.

१८ जुलै

दरड. रस्ता बंद. फेरी रद्द.

२४ जुलै

अमावस्या. फेरी सातवी. खापरखवल्या दोन मेलेले, दिवड एक जिवंत, घोणस एक जिवंत, रस्त्याच्या मधोमध वेटोळं घालून. घोणशीसाठी दोन्ही बाजूंची वाहनं बावीस मिनिटं थांबवावी लागली. एका गाडीतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, मारत का नाही. मी म्हटलं, ती चाललीच आहे. तो खाली उतरला आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबर उभा राहिला. जाताना त्यानं मला विचारलं, हिचे दात कुठे असतात? हे सांगण्यात आणखी पाच मिनिटं गेली.

२७ जुलै

दादांना फोन केला. आता त्यांना रात्री नीट दिसत नाही, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी समोरून येणारे दिवे त्रास देतात, म्हणून चार वर्षं ते फेरीला आलेले नाहीत. मी पान वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं.

"तपकिरी होता?" ते म्हणाले. "मला वाटत होतं पिवळा होता."

मी विचारलं, वेग कमी केल्याचं तेव्हा का नाही सांगितलंत? त्यांनी थोडा वेळ घेतला. "तू त्या रात्री फार आनंदात होतास. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग राहिलं."

आणि लिहिलं तुम्ही, मी म्हटलं, मी काहीच लिहिलं नाही.

"तू बघत होतास ना. दोघांनी कशाला लिहायचं?"

मग त्यांनी या वर्षी पाऊस कसा आहे, कुठल्या वळणावर पाणी येतंय, आणि तो जुना वड अजून उभा आहे का, हे विचारलं. वड उभा आहे.

३ ऑगस्ट

१९ जुलै २००८ ची नोंद तक्त्यात भरली. निर्णय असे.

रंग: तपकिरी. वेळ, ट्रिपचा आकडा, दिशा: दादांच्या अक्षराप्रमाणे. निरीक्षक या रकान्यात आधी माझं नाव टाकलं होतं, ते काढून दादांचं टाकलं. ज्यानं पाहिलं त्याचं नाव हा नियम मीच केलेला आहे.

तापमान: रिकामं. हा रकाना फार खुणावतो. जुलैत त्या उंचीवर रात्री नऊच्या सुमाराला वीस ते बावीसच्या मधे असतं हे मला झोपेतही माहीत आहे. २१ लिहिलं तर कुणाला कळणार नाही, आणि बहुधा ते बरोबरही असेल. पण बाकीच्या नोंदींतलं २१ थर्मामीटरचं आहे, हे माझ्या मनातलं असेल. 'नोंद नाही.'

२००८ च्या फेऱ्या १ ते १२ वेगळ्या खुणेनं ठेवल्या. 'चापडा शून्य' हे त्यांच्यापुरतं 'चापडा दिसला नाही' असं वाचायचं. त्यामुळे २००८ आणि २००९ ची तुलना करून आम्ही एकदा काढलेला निष्कर्ष, की चापडे दुसऱ्या वर्षी वाढले, तो मागे घ्यायला हवा. साप वाढले नव्हते, आम्ही हळू झालो होतो. ज्या तिघांना ती टिपणं पाठवली होती त्यांना आज पत्र लिहिलं.

६ जुलैला आठवणीतून लिहिलेला मजकूर फाडलेला नाही. त्यावर 'आठवण, नोंद नव्हे' असं लिहून वहीच्या मागच्या खिशात ठेवला.

५ ऑगस्ट

वही क्रमांक १ पूर्ण. क्रमांक २ ची पानं कोरडी आहेत, लवकर होईल.

१४ ऑगस्ट

फेरी दहावी. सुरुवात ७:४५. झिमझिम, वारा नाही. वेग १५.

पहिल्या चार किलोमीटरांत गवत्या एक, मेलेला. नवी मुलगी डावीकडे. तिनं अजून चापडा पाहिलेला नाही. गेले दोन महिने ती हे बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक फेरीच्या शेवटी तक्ता मिटताना तिचा चेहरा मला ओळखीचा वाटतो.

९:१७ ला ती म्हणाली, "थांबा." आवाज मोठा नव्हता. मला काहीच दिसलं नव्हतं. थांबलो. उजेडाच्या डाव्या टोकाला, डांबर संपून खडी लागते तिथे, एक सरळ काडी. तिच्या खाली सावलीची अखंड रेघ.

जाकीट, मागे पाहणं, दार. तिनं सगळं क्रमानं केलं. मग टॉर्च तिरपी धरून तीनेक हातांवर बसली. चापडा, हिरवा, पाठीवर काळपट तुटक नक्षी, शेपटीचं टोक फिकं. अर्धं अंग खडीवर, अर्धं डांबरावर. तिनं खूप वेळ काही म्हटलं नाही. मग हळूच, माझ्याकडे न पाहता, "ती खळगी," एवढंच.

मी गाडीतून पाटी घेतली. पार्किंग लाइट लावले, मागच्या वळणाकडे तोंड करून उभा राहिलो आणि टॉर्च दातांत धरून लिहिलं. वेळ ९:१७. ट्रिप ५.३. चापडा १, जिवंत, हिरवा. सुमारे ४५ सेंमी. डावीकडून उजवीकडे. निरीक्षक: तिचं नाव. थर्मामीटर खिडकीबाहेर दोन मिनिटं धरला: २०.८. आर्द्रता ९७. दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो आला. तिघेही थांबले. टेम्पोवाल्यानं दिवे बंद करून घेतले.

९:३६ ला साप पलीकडच्या चरात उतरला आणि दगडावरून वर गेला. ती तशीच बसलेली होती, रस्ता रिकामा झाल्यावरसुद्धा. टेम्पोला हात केला, तो गेला.

गाडीत बसल्यावर पहिले पाच मिनिटं काही नाही. मग एकदम, घाबरून: "दादा, तापमान राहिलं!"

"घेतलंय. वीस पूर्णांक आठ."

उरलेल्या तुकड्यात खापरखवल्या एक, जिवंत, या वर्षातला पहिला जिवंत. तो तिनं लिहिला. फेरी संपली १०:२४. वाहनं १९.